साडेपाचचा वास

४ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा आला. पाच वाजून एकतीस मिनिटांनी.

माझी खिडकी मागच्या पडवीत उघडते. आई होती तेव्हा दिवसाची पहिली सिगरेट ती तिथेच ओढायची, हिरव्या लोखंडी खुर्चीत बसून. थोटूक वाळू भरलेल्या कॉफीच्या डब्यात खुपसायची आणि आत जाता जाता माझ्या काचेवर टकटक करायची. मी पांघरुणातूनच ओरडायची, "उठले गं, आई." तिला जाऊन दोन वर्षं दोन महिने झाले. टकटक थांबली, वास थांबला नाही. तिच्याच सिगरेटचा, हिरव्या पाकिटातल्या, पुदिन्याचा गारवा असलेल्या. मी खिडकी बोटभर उघडते, "उठले गं, आई" म्हणते आणि लावून घेते. बाहेर डोकावत नाही. बर्निस मावशी म्हणते, गेलेल्या माणसाकडे सरळ बघितलं की ते परत येत नाही. मावशीच्या निम्म्या गोष्टी थापा असतात, पण ही थाप आहे का ते तपासून बघायची माझी हिंमत नाही.

बाबांना सांगितलेलं नाही. ते सव्वापाचलाच शिकारी कुत्र्यांना खायला घालायला वरच्या कुंपणात जातात आणि तिथून थेट गॅरेजवर, शाळेच्या बसगाड्या सुरू करायला.

१२ जानेवारी, शुक्रवार

फ्युगेट बाईंनी मला शाळेच्या आरोग्य मंडळाची अध्यक्ष केलं. दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं हे खरं, पण अध्यक्ष ती अध्यक्ष.

पहिलंच काम मोठं आहे. लेक्सिंग्टनहून फुप्फुसांचा स्कॅन करणारी गाडी ११ मे रोजी आमच्या खोऱ्यात येऊ शकते. अट अशी की चाळीस जण तरी यायला हवेत, नाहीतर गाडी परत इकडे फिरकणार नाही. स्कॅन पाच मिनिटांचा, सुईसुद्धा टोचत नाहीत. वय पन्नास ते ऐंशी, रोज एक पाकीट अशी निदान वीस वर्षं ओढलेली हवी, आणि माणूस अजून ओढत असावा किंवा सोडून पंधरा वर्षांच्या आत असावा.

आई एक्कावन्नची होती. खोकला सुरू झाल्यापासून अकरा आठवड्यांत संपलं. ही गाडी तेव्हा आमच्या चर्चपुढे उभी राहिली असती तर मी आज ही वही लिहीत नसते.

सरावासाठी पहिला फॉर्म बाबांचा भरला. डेन्व्हर कॉडिल, वय सत्तावन्न. सोळाव्या वर्षापासून रोज एक पाकीट. शेवटची सिगरेट: मी जन्मले त्या दिवशी. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये त्यांनी पाकीट चुरगळून टाकलं, ही गोष्ट आमच्याकडे ख्रिसमसला दरवर्षी सांगतात. येत्या मार्चमध्ये अठरा वर्षं होतील. म्हणजे पंधराच्या बाहेर. मी खाली लिहिलं, "पात्र नाही". लिहिताना छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

४ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये आज साक्ष द्यायची पाळी मी मागून घेतली. आमच्याकडे लोक उठून दारू सुटल्याची, राग सुटल्याची साक्ष देतात. मी बाबांची दिली. आई आणि बाबा एकाच वयात ओढायला लागले, एकाने माझ्यासाठी सोडली, दुसरीला जमलं नाही, आणि मग ते अकरा आठवडे. बायका रडल्या. पुरुषांनी रांगेने येऊन बाबांचा हात हातात घेतला. बाबा सगळा वेळ बुटांकडे बघत होते. त्यांना कौतुक कधी पचतच नाही.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "बरं बोलले ना मी?"

"फार चांगलं बोललीस," ते म्हणाले, आणि तोंडात पेपरमिंट टाकलं. हल्ली त्यांच्या खिशात त्याच गोळ्या खुळखुळत असतात.

२१ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस वास नाही.

बाबा तापाने आणि खोकल्याने अंथरुणात आहेत. कुत्र्यांना मी घातलं. तिन्ही दिवस साडेपाचला खिडकी उघडून उभी राहिले. नुसता बर्फाचा वास. माझं काही चुकलं का? चर्चमध्ये तिला "जमलं नाही" असं म्हणायला नको होतं. मेलेल्या माणसालाही चारचौघांत कमीपणा आलेला आवडत नसेल.

जेवले नाही. बाबा खोकत खोकत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि ताट तसंच पाहून दारात उभे राहिले.

"काय झालं, पोरी?"

न राहवून सांगून टाकलं. सगळं, खिडकी आणि "उठले गं" सुद्धा. ते भिंतीला धरून खाली बसले.

"तुम्हाला येतो का तो वास?" मी विचारलं.

"येतो," ते म्हणाले.

"आईचाच ना?"

"तिच्याच सिगरेटचा आहे."

मला इतकं हलकं वाटलं. इतके दिवस मी एकटीच वेडी आहे असं समजत होते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आला. पाच अठ्ठावीसला. ताप उतरायच्या आत बाबा कुत्र्यांकडे गेलेसुद्धा, पडवीतल्या बर्फात त्यांच्या बुटांचे ठसे होते. मी रागावले त्यांच्यावर, पण मनातून आज कुणावरही रागवायची इच्छा नव्हती.

९ मार्च, शनिवार

अठरा पूर्ण. मावशीने सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आणला. माझ्याकडून बाबांना भेट म्हणजे पोस्टर. वर त्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत "अठरा वर्षं, एकही नाही", आणि खाली गाडीची तारीख. पन्नास प्रती छापल्या. किराणा दुकानात, पोस्टात, पेट्रोल पंपावर, गॅरेजच्या दारावर, सगळीकडे चिकटवल्या.

गॅरेजवर होबर्ट काका पोस्टर बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबांबरोबर वीस वर्षं काम केलंय त्यांनी. "डेन्व्हर, जिवंतपणीच भिंतीवर टांगलं रे तुला पोरीने," म्हणाले. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते एकदम गप्प झाले. स्वतःला सुटत नाही म्हणून दुसऱ्याला हसायचं. ओठांत सिगरेट तशीच होती मेल्याच्या.

२२ मार्च, शुक्रवार

बाबांचा खोकला जात नाही. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडताना त्यांना पाहिलं. "बसगाडीच्या धुराने होतं," म्हणतात.

स्कॅनच्या गाडीवरची नर्स, अर्लिन, हिला मी फोन केला. म्हटलं, एका माणसासाठी नियम वाकवता येईल का? तिने सगळं ऐकून घेतलं. चांगली बाई आहे. म्हणाली, "सोडून अठरा वर्षं झाली असतील तर आमच्या यादीत नाही बसत गं. खोकला आहे तर डॉक्टरांकडे ने त्यांना." डॉक्टरांकडे जायला बाबांना वेळ होईल तेव्हा!

रात्री जेवताना मी चिडवलं, "बाबा, तुम्ही ओढत राहिला असतात ना, तर आज नंबर लागला असता."

ते हसले. मग हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेना, आणि त्यांनी रुमाल खिशात घाईने कोंबला.

१४ एप्रिल, रविवार

तीन महिन्यांत नावं किती? सहा. त्यातली दोन फ्युगेट बाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची, आणि बाईंनी तर जन्मात ओढलेली नाही.

चर्चनंतर दारात टेबल टाकून बसते. मला लहानपणापासून ओळखणारी माणसं हसतात, डोक्यावरून हात फिरवतात, "तुझी आई असती तर" म्हणतात, आणि फॉर्म पाहिला की त्यांना गाडी गरम करायची आठवण होते. मी नाकी नऊ येईपर्यंत समजावलं. पोपटासारखं सगळं पाठ झालंय.

बर्निस मावशी ताट पुसता पुसता म्हणाली, "तुझं डोकं चालतं, पण उलटं चालतं. भिंतीवर संत टांगलास, आता टेबलावर पापी कुठून येतील?"

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मी शाळेत सहावीपर्यंत गेले." ती फडकं झटकून निघून गेली. मावशी आधी दगड मारते आणि मग दाराआड होते.

दुपारी दिवसाउजेडी पहिल्यांदाच पडवीत जाऊन बसले. आईच्या खुर्चीत नाही, पायरीवर. कॉफीच्या डब्याला कुणी हात लावलेला नाही, मी लावूच देत नाही. थोटकं काठापर्यंत आली आहेत. आई गेली तेव्हा डबा निम्मा होता असं मला पक्कं वाटत होतं. आठवण किती फसवते. अंगावर काटा आला आणि बरंही वाटलं.

९ मे, गुरुवार

नऊ नावं. परवा गाडी येणार आणि रिकामी परत जाणार. अर्लिनचा फोन आला, आवाज गोड होता पण अर्थ तोच.

रडायचं नाही असं ठरवलं होतं. स्वयंपाकघरात बटाटे सोलताना रडले. बाबांना म्हटलं, "लोकांना आई आठवत नाही का? ती शेवटी कशी श्वास घेत होती ते सगळ्यांनी पाहिलंय. मग येत का नाहीत?"

बाबांनी माझ्या हातातला चाकू घेतला आणि उरलेले बटाटे सोलायला लागले. "लाज, पोरी," ते म्हणाले. "माणसाला मरणापेक्षा लाज जड जाते."

मला ते बोलणं आवडलं नाही. ते लोकांची बाजू घेत होते.

११ मे, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

गाडी चर्चच्या पटांगणात उभी राहिली, पांढरी, बसएवढी. मी तंबूखाली टेबलावर, शेजारी अर्लिन. अकरापर्यंत सात जण झाले. पटांगणाच्या कडेला पंधरा-सोळा ट्रक उभे होते, इंजिन चालू, काचा वर. आत माणसं. बघायला आलेली, उतरायला नाही.

मग बाबा आले. चर्चचा पांढरा शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले. मला वाटलं, डबा आणला असेल.

"नाव लिही," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं. डेन्व्हर कॉडिल."

"बाबा, तुमचं नाही बसत. सांगितलं ना मी."

"आधी प्रश्न विचार. सगळ्यांना विचारतेस तसे."

ते मोठ्याने बोलत होते. चर्चमध्ये साक्ष देताना माणसं बोलतात तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. एका ट्रकची काच खाली आली. मी पेन उचललं. वय विचारलं, त्यांनी सांगितलं. रोज किती, तेही सांगितलं. किती वर्षं, तर म्हणाले, "आधी चोवीस. मग मध्ये खाडा. मग परत अडीच."

मी खाली बघून पुढचा प्रश्न वाचला, कारण तो पुढे छापलेला होता. "शेवटची सिगरेट कधी?"

"आज सकाळी," बाबा म्हणाले. "साडेपाचला. मागच्या पडवीत."

अर्लिनने माझ्या मनगटावर हात ठेवला. फॉर्मवर तसा प्रश्न नाही, तरी मी विचारलं, "कुठली?"

"हिरव्या पाकिटातली."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात ते तिथे आहे. पात्र.

बाबा गाडीच्या पायऱ्या चढले आणि पहिला ट्रक उघडला. होबर्ट काका. "लिही गं माझंही," म्हणाले. "आणि माझी रोजची दोन आहेत, डेन्व्हरसारखं एकाचं नाटक नको." मग दुसरा ट्रक, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत सेहेचाळीस झाले. अर्लिनने मला मिठी मारली. फ्युगेट बाई रडल्या. मी सगळ्यांचे फॉर्म नीट भरले, एकही रकाना रिकामा सोडला नाही, आणि घरी येऊन उलटी केली.

१२ मे, रविवार

मातृदिन. चर्चमध्ये आई असलेले लाल गुलाब लावतात, नसलेले पांढरा. तिसरं वर्ष पांढऱ्याचं.

आज पहाटे वास नव्हता. म्हणजे आई नव्हतीच. कधीच नव्हती. अडीच वर्षं मी खिडकी उघडून कुणाशी बोलत होते?

दुपारी पडवीत त्यांच्यावर ओरडले. सिगरेटसाठी नाही. म्हटलं, "तुम्ही मला तिच्या नावाने फसवलंत. मी तुम्हाला विचारलं होतं, तोंडावर विचारलं होतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश, मध्ये मध्ये थांबत सांगितलं. दफनानंतर मांस ठेवायच्या फ्रीजरमध्ये त्यांना आईची सिगरेटची पेटी सापडली, दहा पाकिटांची. ती गार राहावीत म्हणून तिथेच ठेवायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिच्या खुर्चीत बसून एक पेटवली. ओढायला नाही, वासासाठी.

"एकच. नंतर पेटी जाळून टाकणार होतो," बाबा म्हणाले. "तेवढ्यात तुझी खिडकी उघडली. मला वाटलं, पकडलं. आणि तू आतून म्हणालीस, उठले गं, आई. दफनापासून तू एक शब्द बोलली नव्हतीस, पोरी. जेवली नव्हतीस. त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन दोन अंडी खाल्लीस."

मी पायरीवर बसले.

"मग दुसऱ्या दिवशी कसा बसणार नाही? पेटी संपल्यावर पुढच्या गावाहून आणायला लागलो, इथे कुणी बघायला नको म्हणून. तापात तीन दिवस बसलो नाही, तर तुझं ताट तसंच होतं." ते हाताकडे बघत होते. "पुढे मलाही सुटेना, ते वेगळं. सगळं तुझ्यावर ढकलत नाही मी."

नाही ढकललं. पण मला मोजता येतं. खिडकी रोज मी उघडत होते.

१६ मे, गुरुवार

अर्लिनचा फोन शाळेत आला, बाबांनीच तिला मला कळवायला सांगितलं होतं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ. चौदा मिलिमीटर. लेक्सिंग्टनचे डॉक्टर म्हणतात काढूया, बहुतेक कॅन्सरचीच आहे, पण लहान आहे, पसरलेली दिसत नाही. शस्त्रक्रिया १३ जूनला. तोवर एकही सिगरेट नाही, शेजारच्याचा धूरही नाही.

"लवकर सापडली," अर्लिन तीन वेळा म्हणाली.

मी मुलींच्या बाथरूममध्ये बसून हिशोब केला. जानेवारीत मी सरावाचा फॉर्म भरला नसता आणि नुसतं विचारलं असतं, तर चार महिने आधी. पोस्टर लावलं नसतं, तर. साक्ष दिली नसती, तर. शहाणपणाने मीच त्यांची तोंडबंदी केली होती. घरी जाताना सगळी पोस्टरं फाडली. गॅरेजवरचं होबर्ट काकांनी आधीच काढून ठेवलं होतं, घडी घालून.

२६ मे, रविवार

आज कबरी सजवायचा दिवस. टेकडीवर सगळं खोरं जमलं. कापडी फुलं, खालच्या गवतात लांब टेबलं, कोंबडी, शेंगा, मावशीचा केक. बाबा चढताना चारदा थांबले. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने चारदा थांबले.

सगळे जेवायला उतरल्यावर आम्ही दोघंच आईपाशी राहिलो. बाबांनी खिशातून हिरवं पाकीट काढलं.

"रिकामंच आहे," ते म्हणाले. "बघ."

आत एकच सिगरेट होती, उलटी ठेवलेली. नवं पाकीट फोडलं की आई एक उलटी करून ठेवायची. ती नशिबाची. ती सगळ्यात शेवटी. हे तिच्या पर्समधलं शेवटचं पाकीट.

"बाकीच्या ओढल्या मी. ही नाही. ही तिची आहे," ते म्हणाले. "मला आता जवळ ठेवायची नाही आणि टाकवतही नाही."

"द्या इकडे," मी म्हटलं. त्यांना धूर जाणार नाही अशा बाजूला, लांब ओकच्या झाडाखाली बसवलं. सिगरेट काडीच्या ज्योतीत धरली. कडा काळी पडली आणि विझली. पुन्हा. पुन्हा.

"ओढल्याशिवाय पेटत नाही, पोरी," बाबा तिकडून म्हणाले.

आरोग्य मंडळाच्या अध्यक्षाने एक झुरका घेतला. घसा सोलून निघाला, डोळ्यांना धार लागली. मग वास आला. तोच. मी ती आईच्या दगडापुढच्या मातीत उभी रोवली आणि संपेपर्यंत बसून राहिले. दगडावरच्या नावाकडे सरळ बघत. ग्लेना कॉडिल. नजर एकदाही वळवली नाही.

या आठवड्यात खालच्या वर्गातल्या मुलींना फॉर्म भरायला शिकवायचा आहे. पहिला माझाच भरून दाखवणार. कधी ओढली आहे का: हो. किती: एक झुरका. शेवटची कधी: २६ मे.

२७ मे, सोमवार

साडेपाचला जाग आली. खिडकी उघडली नाही. नुसती पडून राहिले, कान देऊन. वास नव्हता. लांब वर कुत्री भुंकली आणि गप्प झाली. कुणीतरी खोकलं.

मग काचेवर टकटक झाली. दोनदा, बोटाच्या पेरांनी, ती करायची तशी.

"उठले, बाबा," मी म्हटलं, आणि खिडकी पूर्ण उघडून बाहेर बघितलं.